साडेचारचा डबा

मला काळजी करायला कारण लागत नाही. नसलं तर मी ते शोधून आणते. घरातून निघताना गॅस बंद केला की नाही इथून माझा दिवस सुरू होतो. मग मुलगी वेळेवर पोचली का, परतवाड्याला एकट्या राहणाऱ्या आईनं बीपीची गोळी घेतली का, परतीची गाडी मूर्तिजापूरला रखडणार तर नाही ना, असा तो पुढे सरकतो. अशा बाईनं घरापासून दोन तास लांबची नोकरी धरू नये. मी धरली. राहायला अमरावतीत, शिकवायला अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात, आणि मधे रोजचं बडनेरा-अकोला अप-डाऊन. सोळा वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं मला श्रीकृष्णभाऊंचा शेजार मिळाला, म्हणून मी अजून धड आहे असं माझं मत आहे. माझ्या नवऱ्याचंही आहे.

श्रीकृष्णभाऊ आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. बुटके, रुंद खांद्याचे, बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग. चष्म्याला दोरी, कारण 'चष्मा शोधाले चष्मा लागते'. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांचं घर आणि गावाबाहेर भावांसोबत सामाईक फुलशेती. पहाटे शेतात जाऊन फुलं तोडायची, ती बाजारात पोचवायची, आंघोळ करायची आणि पावणेदहाला प्रयोगशाळेचं कुलूप उघडायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. आम्ही सगळे धापा टाकत कॉलेजात यायचो तेव्हा हा माणूस अर्धा दिवस उरकून, इस्त्रीच्या शर्टात, परीक्षानळ्या पुसत उभा असायचा. मला तर त्याचा थोडा रागच यायचा.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून अमरावतीच्या शेजारणीला फोनवर विनवत होते, की मागच्या बाजूनं जाऊन आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जरा डोकावून बघ. भाऊ ॲसिडच्या कपाटाची चाबी मागायला आले होते. फोन संपेपर्यंत थांबले.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही हो. गॅस बंद केला का ते आठवत नाहीये."

"बंद करतानी काय बोलल्या?"

"कोणाशी?"

"गॅसशी."

मला वाटलं, नवीन बाई पाहून गंमत करताहेत. पण चेहरा अगदी सरळ होता. "हातानं केलेलं हात इसरून जाते, मॅडम. त्याले दिवसभराचे पन्नास कामं. तोंडानं बोललं का कान ध्यानात ठेवते. कानाले दुसरं काय काम हाय?"

त्या संध्याकाळी मी त्यांना प्रयोगशाळा बंद करताना पाहिलं. प्रत्येक बर्नरपाशी जायचे, बोट दाखवायचे आणि मोठ्यानं बोलायचे. "एक नंबर बंद. दोन नंबर बंद." मग "नळ बंद. पंखे बंद. मेन बंद." शेवटी कुलूप ओढून "दरवाजा लागला, चाबी खिशात." मुलं मागे उभी राहून त्यांची नक्कल करायची. भाऊ त्यांना रागवायचे नाहीत. उलट, एखाद्यानं नकलेत 'नळ' गाळला तर मागे वळून "नळ राह्यला ना बावा" म्हणून आठवण करायचे.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून म्हटलं, "गॅस बंद."

"आई, कोणाशी बोलतेस?" आमची मुक्ता डबा भरताना म्हणाली.

"गॅसशी."

तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्या बाबांकडे पाहिलं. पण बडनेरा सुटल्यावर, नेहमीच्या जागी, छातीत नेहमीचा गोळा उठला आणि त्याच क्षणी मला माझाच आवाज ऐकू आला. गॅस बंद. इतकं हलकं वाटलं, की मी खिडकीबाहेरची कपाशी पहिल्यांदा नीट पाहिली. मग लगेच कुलपाची काळजी सुरू झाली, कारण कुलपाशी मी बोलले नव्हते.

भाऊंच्या सगळ्या सवयी अशाच होत्या, फुकटच्या आणि दिसायला खुळ्या. बाटलीतून द्रव ओतायचा तर लेबल तळहाताकडे धरायचं, म्हणजे ओघळ आला तरी तो मागच्या बाजूनं जातो आणि नाव पुसत नाही. हे आम्ही मुलांना शिकवतो आणि स्वतः विसरतो. भाऊ घरी तेलाची बरणीसुद्धा तशीच धरायचे. वापरलेली पाण्याची बाटली कधी अर्धी ठेवायचे नाहीत. भरून, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, ठरलेल्या जागी. "मागून येनाऱ्याले भरेल बाटली भेटली पायजे. थो मागून येनारा बऱ्याच डाव आपुनच असतो." सोमवारी एका परीक्षानळीत पाणी घालून त्यात एकच फूल माझ्या टेबलावर ठेवायचे. कधी शेवंती, कधी ॲस्टर. गुच्छ का नाही, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "एक असलं का माणूस पाहते. दहा असले का निसतं, वा वा, म्हनते."

डब्याची गोष्ट मात्र वर्षभरानंतरची.

त्या दिवशी मुक्ताच्या शाळेत कोणी फोन उचलत नव्हतं. सकाळी तिला जरा कसर होती, तरी मी तिला शाळेत पाठवलं होतं. इकडे माझं अनुमापनाचं प्रात्यक्षिक सुरू. वरच्या ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या चंबूत फिकट गुलाबी छटा दिसताच थांबायचं, एवढंच त्यात कौशल्य. माझा एक डोळा मोबाइलवर. थांबायच्या जागी मी थांबले नाही आणि अख्खा चंबू लालभडक झाला. पंचवीस मुलं बघत होती. एकानं मागून विचारलं, "मॅडम, एवढं लाल कराचं असते का?"

भाऊंनी चंबू उचलला, धुऊन आणला आणि त्यासोबत माझ्यापुढे एक कागदाचा कपटा ठेवला. जुन्या प्रात्यक्षिक वहीतल्या कोऱ्या बाजूचा, पट्टीनं फाडलेला.

"हे काय?"

"काळजी लिवा याच्यावर."

"भाऊ, आत्ता नको हो."

"मी बी थेच म्हनून राह्यलो. आत्ता नोको. आत्ता पोट्टे बसले समोर. लिवा अन् डब्यात टाका. साडेचारले आपुन बसू, तव्हा करू काळजी. चांगली दाबून करू."

डबा लिमलेटच्या गोळ्यांचा होता, झाकणाला गंज चढलेला, तराजूच्या कपाटावर तुरटीच्या बाटलीशेजारी ठेवलेला. मी तो अनेकदा पाहिला होता. मला वाटायचं त्यात काडेपेट्या असतील. मी लिहिलं, 'मुक्ता, ताप, फोन उचलत नाहीत.' आणि लाज वाटत तो कपटा आत टाकला. खरं सांगते, पुढचा दीड तास मी नीट शिकवलं. काळजी गेली नव्हती, पण तिला कुठे बसायचं ते ठरलं होतं.

साडेचारला प्रॅक्टिकलं संपायची आणि माझी गाडी साडेपाचच्या पुढची. प्रयोगशाळेमागे पाण्याच्या टाकीशी दोन पायऱ्या होत्या. तिथे भाऊ डबा घेऊन बसले. एकेक चिठ्ठी उघडायची आणि एकच प्रश्न विचारायचा. मेली का जित्ती? जी गोष्ट एव्हाना आपोआप मिटली असेल ती मेली, ती फाडायची. जी अजून जिवंत असेल तिच्यासाठी, तिथल्या तिथे, होण्यासारखं एक काम करायचं. दोन नाहीत, एकच.

मुक्ताची चिठ्ठी मेलेली निघाली. दुपारीच शाळेचा उलट फोन येऊन गेला होता. ती मजेत खो-खो खेळत होती. दुसरी चिठ्ठी मी उत्साहाच्या भरात टाकली होती, आईच्या गोळीची. ती जित्ती. मी सुरू झाले, की तिला अमरावतीला आणायला हवं, चांगल्या डॉक्टरांना दाखवायला हवं, भावाशी बोलायला हवं.

"एक," भाऊ म्हणाले. "आत्ता. इथी बसून होनारं."

मी आईला फोन लावला. ती म्हणाली, गोळी सकाळीच घेतली, आणि मी काय कुकुलं बाळ आहे का?

"ही बी मेली," भाऊ म्हणाले आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. फाडायची आपण स्वतः, असा नियम होता.

त्यानंतर सुट्ट्या सोडल्या तर आमची साडेचारची बैठक चुकली नाही. दहा मिनिटं, फार तर पंधरा. काही दिवस माझ्या सहा-सहा चिठ्ठ्या असायच्या. भाऊ म्हणायचे, "आज पीक जोरात हाय." त्यांचीही एखादी असायची. चार घड्या घातलेली. ते ती स्वतःशी वाचायचे, "मेली" म्हणायचे आणि बारीक तुकडे करायचे. मी कधी विचारलं नाही की त्यात काय असतं. मला वाटायचं, लहान मुलानं जेवावं म्हणून मोठी माणसं आधी एक घास आपल्या तोंडात घालतात, तसंच हे माझ्यासाठी लिहीत असतील. त्यांना कसली काळजी असणार? असं मी दहा वर्षं समजत होते. हे आज लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

कारण दिसायचं ते दिसलं होतं. एकदा पावसाळ्यात, वीज गेलेली, प्रयोगशाळेत अंधारून आलेलं, आणि एका मुलीच्या डोळ्यात ॲसिड उडालं. सौम्यच होतं, पण ती किंचाळली आणि मी जागच्या जागी थिजले. पुस्तकातलं सगळं पाठ असून माझा हात हलला नाही. भाऊंनी न बघता ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात हात घातला. बाटली तिथे होती आणि भरलेली होती. त्यांनी मुलीचं डोकं तिरपं धरलं, धार सोडली, "एक बाटली झाली, दुसरी द्या, बेटा डोया उघडा ठेव" असं एका सुरात बोलत राहिले. मुलगी दवाखान्यात जाऊन तासाभरात हसत परत आली. त्या दिवशी साडेचारला त्यांनी आपली चिठ्ठी फाडायला घेतली, तेव्हा दोन-तीनदा प्रयत्न करूनही त्यांना कागद नीट फाटेना. मी म्हटलं, "भाऊ, दमलात." ते म्हणाले, "हो." मीही दुसऱ्या विषयाकडे वळले.

आता खंडेनवमीचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत उपकरणांची पूजा असायची. तराजूला हळदकुंकू, बर्नरना झेंडूची फुलं, मुलांना पेढा. फुलं अर्थातच भाऊंची. पण माळ्याच्या घरी दसरा म्हणजे वर्षाची कसोटी. त्या दोन दिवसांत झेंडू निघाला पाहिजे. भाऊ रात्री तीनपासून शेतात होते आणि पहाटे पोती उचलून त्यांनी जुन्या शहरातल्या बाजारात टाकली होती. पावणेदहाला मात्र कुलूप उघडलेलं होतं.

साधारण अकराला मला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. ऑक्टोबरचं ऊन होतंच, पण पंख्याखाली बसून एवढा घाम?

"भाऊ, बरं नाही का?"

"पोते उचलले ना पहाटी. खांदा भरून आला." त्यांनी डावा खांदा चोळला.

मी हातातली वही बाजूला ठेवली. "डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

ते हसले. "झाल्या सुरू. चिठ्ठी लिवा मॅडम. साडेचारले पाहू."

आणि मी चिठ्ठी लिहिली. 'श्रीकृष्णभाऊंचा खांदा.' डबा उघडून वरूनच आत टाकली, झाकण लावलं. मला चक्क स्वतःचं कौतुक वाटलं. पूर्वीची मी असते तर त्यांच्या मागे लागून त्यांना भंडावून सोडलं असतं. आज कशी शहाण्यासारखी वागले, शेवटी जमलं मला, असं वाटत मी पुढच्या बॅचला शिकवायला गेले.

बारा वाजले, एक वाजला. येता-जाता मी त्यांच्याकडे बघत होते आणि दर वेळी स्वतःला सांगत होते, साडेचार. ते हळू हालत होते. एकदा ओट्याला टेकून उभे दिसले. मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. साडेचार. दोनला बॅच सुटली तेव्हा ते बर्नर बंद करायला निघाले. पहिला बंद केला. दुसरा. तिसरा. मी टेबलाशी वह्या तपासत होते, आणि काहीतरी चुकतंय असं वाटून मी मान वर केली. खोलीत आवाज नव्हता. भाऊ बर्नर बंद करत होते आणि बोलत नव्हते.

मी धावले. त्यांचा हात हातात घेतला तर तो गार पडला होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता. "मेन राह्यला," ते पुटपुटले. दोन मुलांना हाक मारून आम्ही त्यांना रिक्षात घातलं. दवाखाना दहा मिनिटांवर होता. त्या दहा मिनिटांत मी देवाचं नावसुद्धा विसरले.

डॉक्टरांनी वाचवलं. पण बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून होता?" मी म्हटलं, अकरापासून. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन वाजले होते. "लवकर आणलं असतं तर हृदयाचं एवढं नुकसान झालं नसतं," ते म्हणाले. साध्या आवाजात म्हणाले, मला बोल लावायला नव्हे. तरी ते वाक्य माझ्या अंगावर अजून आहे.

सुमनवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, बाजारातून तशाच आल्या, हाताला झेंडूचा वास घेऊन. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं. मला घाम दिसला होता आणि मी चिठ्ठी लिहून ठेवली, हेही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"थो डबा अजूनई हाय का?" त्यांनी विचारलं. "लग्नातल्या लिमलेट गोळ्यायचा डबा हाय थो. मीच देल्ला होता त्याहिले. लग्न झालं तव्हा हे माणूस रात्री चार-चार डाव उठून वावरात जाये. पानी बंद केलं का नाई, पाहाले. कुलूप पाहाले, चूल पाहाले. जेवन नाई, झोप नाई. मी म्हटलं, लिवून ठेवा, दिवसा पाहू. तव्हापासून लिवते बिचारे. रोज."

ज्याला मी जन्मजात शांत समजत होते तो माणूस माझ्याच जातीचा होता. ती शांतता त्यांनी रोज सकाळी नव्यानं, हातानं बनवलेली होती. बर्नरला बोट दाखवून, बाटली भरून, कपटे फाडून. आणि मी ती घरच्या विहिरीसारखी फुकट उपसत राहिले.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी प्रयोगशाळा स्वतः उघडली. पूजेसाठी आणलेली झेंडूची फुलं ओट्यावर वाळली होती. पूजा झालीच नव्हती. मी डबा खाली काढला. माझी चिठ्ठी वर होती. तिच्याखाली एक चार घड्यांची.

आजवर मी त्यांची चिठ्ठी कधी उघडली नव्हती. ती उघडली. शिसपेन्सिलीनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'छातीत दुखून राह्यलं. मॅडमले सांगाव का? उगाच घाबरतीन.'

ती माझ्या चिठ्ठीच्या खाली होती. म्हणजे आधी टाकलेली. म्हणजे मी अकराला विचारलं तेव्हा त्यांचं दुखणं डब्यात जाऊन बसलं होतं, आणि मीही तेच दुखणं त्याच डब्यात टाकलं. एकाच काळजीच्या दोन चिठ्ठ्या, एकावर एक, आणि ती करणारे दोघे एकाच खोलीत, वीस पावलांवर, साडेचार वाजायची वाट बघत. मी तिथल्याच एका स्टुलावर बसले आणि पोटभर रडले. पहिली बॅच दाराशी येऊन उभी होती. एक मुलगी आत आली, तिनं पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली. ती भरलेली होती.

भाऊ पुन्हा कामावर आले नाहीत. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, ते रजेत गेले. सुरुवातीला मी त्यांच्याकडे जायचं टाळलं. शेवटी एका शनिवारी दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये घालून जुन्या शहरात गेले. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते, निम्मे झालेले. मी चिठ्ठ्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी चष्मा चढवला आणि दोन्ही वाचल्या.

"माझी चूक झाली, भाऊ," मी म्हटलं. "मला दिसलं होतं."

"मले बी दिसलं होतं ना," ते म्हणाले. "माझं तं मलेच दुखून राह्यलं होतं." मग त्यांनी चिठ्ठ्या एकमेकींवर ठेवल्या, अगदी डब्यात होत्या तशा. "मॅडम, आपुन एक नियम कराचा राह्यला. गॅस, कुलूप, गाडी, परीक्षा, हे डब्यात टाकाचं. ज्याले घाम येऊन राह्यला थो माणूस डब्यात नाई टाकाचा. त्याचं त्याच टायमाले बोलाचं. घाबरलं तं घाबरू द्याचं समोरच्याले."

"मेली का जित्ती?" मी विचारलं. हसू आणायचा प्रयत्न होता तो.

"मी हाय अजून," ते म्हणाले. "म्हंजे जित्ती. एक काम सांगतो. दर शनवारी चाले येत जा."

पुढचं वर्षभर मी दर शनिवारी जात राहिले. ते अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालायचे, प्रत्येकीपाशी "तुले झालं" म्हणायचे आणि मधूनमधून खाली बसायचे. नवा नियम आम्ही दोघं कसोशीनं पाळत होतो. दम लागला की ते "दम लागला" म्हणायचे. मला भीती वाटली की मी "भीती वाटली" म्हणायची. वहिनी आतून म्हणायच्या, "चा झाला." तिघांचंही बोलणं एवढ्यावर भागायचं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पौषातल्या एका शनिवारी. हवेत गारठा होता आणि त्यांच्या पायांवर सूज आली होती. डॉक्टरांची पुढची तारीख मंगळवारची होती. ती अलीकडे घ्या म्हणून मी तिथूनच फोन लावला आणि सोमवार मिळवला. आत्ताचं, तिथल्या तिथे होणारं एक काम. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. निघताना मी उंबऱ्यात थांबले.

"काय राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"भाऊ, मला तुमची फार काळजी वाटते. आणि तुमच्यामुळे माझे बरेच दिवस बरे गेले. हे दोन्ही मला सांगायचं होतं."

त्यांनी मान हलवली. "आयकलं. मले बी भेव वाटते मॅडम. रात्री लय वाटते. तुमाले सांगतो, सुमनले सांगतो, मंग झोप लागते." आणि मग नेहमीच्या घाईनं, "निंघा आता. गाडी चुकन."

ते काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत आले. नको म्हटलं तरी आले. मी रिक्षात बसले. रिक्षावाला गाडी सुरू करेपर्यंत ते तिथेच उभे होते, आणि मला त्यांचं बोट वर झालेलं दिसलं, बर्नरपुढे व्हायचं तसं. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"मॅडम बसल्या. पिशवी घेतली. चष्मा घेतला."

मग जरा थांबून, मेनचं बटण खाली ओढण्याआधी थांबायचे तितकंच थांबून, म्हणाले, "सांगाचं होतं थे सांगून झालं."